एअरलॉक शांत झाला, म्हणून बाटल्या भरू नका

नमस्कार. घरच्या बीअरच्या बाटलीत फेस येण्यासाठी साखर किती घालायची, हा प्रश्न तुम्ही इतक्यांदा विचारला आहे की आज त्यावरच बोलतो. मी इंग्लंडमध्ये राहतो आणि इथे १९६३ पासून स्वतःपुरती बीअर घरी करण्यास परवाना लागत नाही; महाराष्ट्रातील प्रेक्षकांनी मात्र हे करू नये, कारण तिथे १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू आहे.

साखरेचे गणित सोपे आहे. २० अंश सेल्सिअसला आंबलेल्या बीअरमध्ये तिच्या आकारमानाच्या सुमारे ०.८५ पट कार्बन डायऑक्साइड आधीच विरघळलेला असतो आणि लिटरमागे ४ ग्रॅम साखरेने त्यात आणखी एक पट भर पडते. पेल एल या फिक्या रंगाच्या बीअरला २.४ पट पुरतो, म्हणजे २० लिटरला साधारण १२५ ग्रॅम साखर झाली. ती पाण्यात उकळून, गार करून रिकाम्या बादलीच्या तळाशी ओतावी आणि नळीने बीअर तिच्यावर हळूच उतरवावी. बाटलीगणिक चमचा टाकण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की ३३० मिलिलिटरला जेमतेम २ ग्रॅम लागते आणि चहाचा सपाट चमचाच ४ ग्रॅमचा असतो.

खरा घात करते ती आधीची न आंबलेली साखर. एअरलॉक म्हणजे बादलीच्या झाकणावरची, आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर सोडणारी छोटी नळी. ‘एअरलॉक दहा दिवस शांत आहे, आता भरू का?’ असे कोणी विचारले की माझा जीव खालीवर होतो. झाकण सैल असले तरी बुडबुडे थांबतात आणि खोली गारठली तरीही थांबतात. विश्वास हायड्रोमीटरवर ठेवावा (बीअरमध्ये तरंगवून पाण्याच्या तुलनेत तिची घनता मोजणारी नळी; साखर आंबते तशी घनता घटते), त्याला चिकटलेले बुडबुडे फिरवून झटकावेत आणि तीन दिवसांच्या अंतराने दोन मापे घ्यावीत; ती सारखी यायला हवीत. १.०१० ऐवजी १.०१४ वर बाटल्या भरल्या, तर राहिलेले ते चार अंक सुमारे दोन पट वायू वाढवतात, २.४ चे ४.४ होतात आणि बीअरची साधी बाटली तेवढ्यासाठी बनवलेली नसते.

तरीही मी फसलो. एका जानेवारीत दोन्ही मापे १.०१४ आली, म्हणून मी निर्धास्तपणे बाटल्या जिन्याखालच्या कपाटात ठेवल्या; प्रत्यक्षात साखर आंबवणारे यीस्ट थंडीने झोपले होते, ते उन्हाळ्यात जागे झाले आणि एका रात्री फुटलेल्या बाटलीच्या काचा शेजारच्या इंद्रायणी तांदळाच्या पिशवीत घुसल्या. दहा किलो तांदूळ फेकावा लागला, याची आठवण घरात अजून करून दिली जाते. त्यामुळे माप अपेक्षेहून वर अडकले असेल, तर बादली दोन-तीन दिवस २० अंशांवर ठेवून, हलकेच ढवळून पुन्हा मोजावे आणि मगच ‘थांबले’ म्हणावे.

भरताना एक बाटली सोड्याची, प्लास्टिकची असू द्यावी आणि बाकीच्या झाकणाच्या खोक्यात ठेवाव्यात. दोन आठवड्यांच्या आतच ती प्लास्टिकची बाटली दाबून दगडासारखी लागली, तर डोळ्यांवर गॉगल आणि हातांत जाड मोजे घालून सर्व बाटल्या आधी फ्रीजमध्ये गार कराव्यात आणि नंतर एकेकीचे बूच कडेने किंचित उचलून वायू सोडावा.