दगडफूल आणि स्टिंकहॉर्न

श्रोतेहो, नमस्कार.

दगडांवर, झाडांच्या सालीवर करडे-हिरवे खरखरीत चट्टे आपण पाहतो. ते दगडफूल, म्हणजे लायकेन. आणि ओलसर पाचोळ्यातून एकाएकी वर येणारी, सडक्या मांसासारखी घाण येणारी ती स्टिंकहॉर्न. पहिलीकडे कुणी बघत नाही, दुसरीकडे बघवत नाही. पण दोन्ही बुरश्याच, आणि दोघींचंही एकटीने भागत नाही.

बुरशीला स्वतःचं अन्न बनवता येत नाही. लायकेनमधल्या बुरशीने त्यासाठी शेवाळालाच पोटाशी धरलं आहे. शेवाळ उन्हात साखर तयार करतं आणि बुरशी त्याला आसरा देते. १८६७ साली श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने ही जोडी ओळखली, तेव्हा लायकेनच्या नामवंत अभ्यासकांनीच त्याला विरोध केला! खडकावरची काही लायकेन वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाहीत.

स्टिंकहॉर्नला घाई फार. तिचे धागे जमिनीत लाकूड-पाचोळा कुजवून पोट भरतात, तोवर ती कुणाला दिसतही नाही. मग मातीत एक मऊ, पांढरट अंडं तयार होतं. ते उभं कापून बघा: बाहेर बुळबुळीत थर आणि मधोमध दाबून बसवलेला, स्पंजासारखा देठ. देठ आधीच तयार असतो, म्हणून अंडं फुटलं की पाण्याने फुगून काही तासांत वीतभर उंच होतो. टोकावरच्या हिरवट-काळ्या चिकट लगद्यात बीजाणू असतात. घाण वास येतो तो गंधकयुक्त रसायनांचा. त्या वासाला भुलून माश्या येतात, लगदा खातात आणि बीजाणू पायांना चिकटवून, पोटातून घेऊन दूर जातात. आपल्याला नकोसा वाटणारा तो वास म्हणजे माश्यांना धाडलेलं आमंत्रण आहे, आणि मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं.

लायकेनची अडचण वेगळी. तिथल्या बुरशीचा बीजाणू उडाला तर एकटाच उडतो. जिथे पडेल तिथे योग्य शेवाळ भेटलं नाही, तर नवं लायकेन होत नाही. म्हणून पुष्कळ लायकेन दुसरी वाटही धरतात. पुढच्या वेळी भिंगातून नीट बघा. काहींच्या कडेला किंवा पृष्ठभागावर बारीक भुकटी दिसेल. तिच्या कणाकणात शेवाळाच्या थोड्या पेशी असतात, बुरशीच्या धाग्यांनी वेढलेल्या. वाऱ्याने, पावसाच्या थेंबाने कण सुटतो तो जोडी घेऊनच.