जरा बाहेर जाऊन येतो

नमस्कार श्रोतेहो.

एक लाकडी पिंप डोळ्यांपुढे आणा. अंगाला सगळीकडून पट्ट्या ठोकलेल्या, वरून जाड कापड ताणलेलं आणि बाजूला फिरवायला दांडा. दांडा हळू फिरवला की कापड पट्ट्यांवर घासतं आणि वारा कुजबुजायला लागतो. जोरात फिरवला की वादळ. नाटकवाल्यांच्या आणि श्रुतिका करणाऱ्यांच्या हे चांगल्या ओळखीचं. राल्फ व्हॉन विल्यम्स नावाच्या पंचाहत्तरीतल्या इंग्रज संगीतकारानं हा वाऱ्याचा पिंप वाद्यवृंदात नेऊन बसवला. शेजारी एका स्त्रीचा आवाज ठेवला, त्याला शब्द दिलेच नाहीत. नुसता आकार. तो आवाज बर्फावरून असा येतो, की गाणारं माणूस आहे की नाही असा प्रश्न पडावा.

हे संगीत ‘स्कॉट ऑफ द अंटार्क्टिक’ या १९४८ सालच्या ब्रिटिश चित्रपटाचं. दिग्दर्शक चार्ल्स फ्रेंड, निर्मिती ईलिंग स्टुडिओची, आणि कॅप्टन स्कॉटच्या भूमिकेत जॉन मिल्स. मी तो पहिल्यांदा पाहिला तो भर मे महिन्यात, विदर्भात, कूलरसमोर बसून. बाहेर रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. आत पडद्यावर पाच माणसं गारठून मरत होती आणि मी मध्येच उठून माठातलं पाणी पीत होते. थोडी लाज वाटली, खोटं कशाला सांगू?

गोष्ट तुमच्यातल्या अनेकांना ठाऊक असेल, म्हणून भराभर सांगते. स्कॉटचं ‘टेरा नोव्हा’ जहाज जून १९१० मध्ये कार्डिफहून निघालं. दक्षिण ध्रुवावर पहिलं पाऊल ब्रिटिशांचं पडावं ही इच्छा. मेलबर्नला पोचल्यावर हातात तार पडली, की नॉर्वेचा अमुंडसेनही अंटार्क्टिकाकडेच निघालाय. अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ ला ध्रुवावर पोचला. स्कॉट आणि त्याचे चार सोबती पोचले १७ जानेवारी १९१२ ला, चौतीस दिवसांनी. परतीच्या वाटेवर पाचही जण गेले.

शेवट सगळ्यांना आधीच माहीत असलेला चित्रपट काढणं मोठं अवघड. कीर्तनकाराचंही तेच असतं म्हणा. अभिमन्यू चक्रव्यूहातून बाहेर येणार नाही हे समोर बसलेल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं, तरी कुणी उठून जात नाही. ‘आता काय होणार’ हे गेलं की ‘कसं होणार’ एवढंच हातात उरतं. फ्रेंडनं ते ओळखलंय. सुरुवातीला स्कॉट नॉर्वेत जातो, थोर ध्रुवप्रवासी नान्सेनला भेटतो. नान्सेन सांगतो, कुत्री न्या. स्कॉट ऐकून घेतो. पण त्याच्या मनात मोटारी आहेत, तट्टं आहेत, थोडी कुत्री आहेत, आणि सगळ्याच्या शेवटी माणसांनी स्वतः ओढायच्या गाड्या आहेत. आपण प्रेक्षक खुर्चीत चुळबुळतो. अरे बाबा, ऐक की त्याचं! नाही ऐकत.

प्रत्यक्षातही असंच घडलं. तीन मोटारींपैकी एक जहाजातून उतरवतानाच बर्फ फुटून समुद्रात गेली, उरलेल्या दोन मोहिमेत लवकरच बंद पडल्या. (चित्रपटात मोटारींच्या मेकॅनिकचं काम करणारा उंचापुरा पोरगा नीट बघा. तो क्रिस्टोफर ली, पुढे ड्रॅक्युला म्हणून गाजलेला.) तट्टं अशक्त निघाली. त्यांची जबाबदारी असलेला कॅप्टन ओट्स हा घोडदळातला माणूस, मोहिमेत आला तो आपल्या मध्य भारतातल्या महूच्या छावणीतून. ही तट्टं पाहून त्यानं कपाळावर हात मारला होता.

या ओट्सपाशी मला थोडं थांबायचंय.

परतीच्या वाटेवर त्याचे पाय हिमदंशानं सडत आले होते. पाचांतला एक आधीच वाटेत गेला होता, आणि आपल्यामुळे बाकीचे तिघे रखडताहेत हे ओट्सला दिसत होतं. एके रात्री तो झोपला तो सकाळी जाग येऊ नये अशा आशेनं. सकाळी जाग आली. बाहेर हिमवादळ. तो उठला आणि म्हणाला, मी जरा बाहेर जातोय, कदाचित थोडा वेळ लागेल. आणि गेला. स्कॉटनं डायरीत लिहिलं तेव्हा त्याला तारखेचीही खात्री नव्हती; १६ किंवा १७ मार्च असं त्यानं नोंदवलंय. १७ मार्च हा ओट्सचा बत्तिसावा वाढदिवस.

डेरेक बाँड या नटानं हा प्रसंग केलाय. दुसऱ्या कुणी इथे काय धिंगाणा घातला असता याची कल्पना करा. मिठ्या, अश्रू, मागे व्हायोलिनं. इथे माणूस उठतो, वाकून तंबूच्या तोंडातून बाहेर पडतो आणि पांढऱ्यात मिसळतो.

त्या वाक्याचं मराठी करायला मी अनेकदा बसले आणि दर वेळी अडले. कारण आपल्याकडे घराबाहेर पडताना ‘जातो’ म्हणत नाहीत. म्हटलं तर आजी ओरडायची, ‘येतो म्हणावं रे!’ म्हणजे ओट्स मराठी असता तर काय म्हणाला असता? ‘जरा बाहेर जाऊन येतो.’ इंग्रजीत त्यानं परत येण्याचं नावही काढलं नव्हतं, फक्त वेळ लागेल म्हणाला. मराठीत त्याला साधं बाहेर पडायलाही खोटं बोलावं लागलं असतं. तंबूतल्या तिघांनाही ते खोटं कळलं असतं, आणि आपल्या रिवाजाप्रमाणे त्यांनी ‘ये’ म्हटलं असतं.

असो. आता चित्रपटाशी माझं भांडण.

हा चित्रपट पाहून उठताना वाटतं की या माणसांना थंडीनं आणि दैवानं मारलं. थंडी होतीच. मार्चमध्ये उणे चाळीसच्या आसपास पारा जात होता. पण त्याच्या जोडीला काही फार घरगुती कारणं होती. ज्यांच्या घरी पंपाचा प्रायमस स्टोव्ह होता त्यांना हे पटकन समजेल. या लोकांचा सगळा जीव रॉकेलवर होता. तिथे पाणी कुठेच नाही, सगळा बर्फ. बर्फ वितळवायला स्टोव्ह, स्टोव्हला रॉकेल. वाटेत जागोजाग रॉकेलचे डबे पुरून ठेवले होते. परतताना उघडून बघावं तर डबे अर्धवट. त्या डब्यांच्या झाकणाला कातड्याचे वायसर होते, आणि असल्या थंडीत त्यातून रॉकेल हळूहळू निसटत होतं. अमुंडसेननं आपले डबे झाळून बंद केले होते. एवढासा वायसर, श्रोतेहो. आमच्या आईनं असल्या वायसरपायी स्टोव्हवाल्याला दारात अर्धा तास उभं केलं असतं.

दुसरं कारण आणखी साधं. सगळी व्यवस्था चार माणसांच्या हिशेबानं बांधलेली. तंबू चौघांचा, शिध्याच्या पिशव्या चौघांच्या. ऐन वेळी स्कॉटनं पाचवा माणूस घेतला, हेन्री बॉवर्स. हा रॉयल इंडियन मरीनमधला, म्हणजे मुंबईच्या गोदीशी नातं असलेल्या दलातला. त्याच्या बर्फावर घसरायच्या पट्ट्या मागेच ठेवलेल्या, म्हणून बाकीचे घसरत चालले आणि हा पायी. पाच जणांचं रांधायला दिवसाकाठी अर्धा तास जास्त लागतो, हे स्कॉटनंच डायरीत लिहून ठेवलंय. अर्धा तास जास्त, म्हणजे तितकं रॉकेल जास्त.

आणि तिसरं. अन्नाचा मोठा साठा, ज्याला ते ‘वन टन डेपो’ म्हणत, तो ८० अंश अक्षांशावर करायचा ठरला होता. तट्टं थकली म्हणून तो साधारण ५५ किलोमीटर अलीकडेच झाला. ओट्सचं म्हणणं होतं, तट्टं मेली तर मरू देत, पुढे जाऊ या. स्कॉटला ते बघवलं नाही. वर्षभरानं स्कॉटचा शेवटचा तंबू त्या साठ्यापासून सुमारे २० किलोमीटरवर अडकला. जनावरांवर दया केली त्याची किंमत अशी मोजावी लागली. या एका गोष्टीवर खरं तर अख्खा चित्रपट निघाला असता.

यातलं काही पडद्यावर ओझरतं येतं, पण दोष कुणाच्या माथी बसत नाही. १९४८ साली कसा बसणार? मोहिमेतली कितीतरी माणसं हयात होती. स्कॉटची पत्नी कॅथलीन आदल्याच वर्षी वारली होती. इंग्लंडनं युद्ध जिंकलं होतं, पण रेशनच्या रांगा होत्या, आणि हिंदुस्थान नुकताच हातातून गेला होता. हरलेल्यानंही ताठ मानेनं हरावं ही गोष्ट तेव्हा त्या प्रेक्षकाला हवी होती. स्वतः व्हॉन विल्यम्स मात्र मोहिमेचा वृत्तान्त वाचताना त्यातल्या ढिसाळपणावर चिडत गेला होता. मला त्याच्या संगीतात ती चीड ऐकू येते. स्कॉट आणि मंडळींसाठी त्यानं भारदस्त सुरावट दिलीय, पण बर्फासाठी दिलेलं संगीत जास्त मोठं आहे, आणि त्या बर्फाला माणसांचं काही पडलेलं नाही. पुढे याच संगीतातून त्यानं आपली सातवी सिंफनी रचली. १९५३ च्या जानेवारीत मँचेस्टरला ती पहिल्यांदा वाजली, वाऱ्याच्या पिंपासकट.

तंबू सापडला तो १२ नोव्हेंबर १९१२ ला. शोधायला गेलेल्या तुकडीबरोबर तेव्हा खेचरं होती, हिंदुस्थानातून आलेली, सिमल्याकडे तयार केलेली. त्यांची नावं ऐका: लाल खान, गुलाब, बेगम, राणी, अब्दुल्ला, प्यारी आणि खानसाहेब. पृथ्वीच्या त्या टोकाला, त्या शांततेत कुणीतरी गोऱ्या तोंडानं ‘प्यारी’ अशी हाक मारत असेल.

तंबूजवळच्या गाडीवर आणखी एक सामान होतं. दगड. सुमारे १६ किलो. परतताना बिअर्डमोर हिमनदीच्या कडेला विल्सन या शास्त्रज्ञानं आणि बॉवर्सनं ते गोळा केले होते. पुढे अंगातली ताकद गेली, एकेक वस्तू टाकून द्यायची वेळ आली, पण दगड टाकले नाहीत. चौघांचे तिघे झाले तरी दगड गाडीवरच होते. लंडनला नेऊन तपासले तेव्हा त्यात पानांचे ठसे निघाले. जिभेसारखी लांबट पानं, मधोमध ठसठशीत शीर. ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पतीचे. अंटार्क्टिकात एके काळी जंगल होतं याचा तो पुरावा.

हेच ठसे आमच्या नागपूरजवळ कामठीच्या खडकात मिळतात. ज्यांच्या नावानं नागपुरात कॉलेज आहे त्या स्टीफन हिस्लॉपनी एकोणिसाव्या शतकात ते वेचले होते. वर्धा खोऱ्यातला, चंद्रपूरकडचा कोळसा याच झाडांचा. अंटार्क्टिका आणि विदर्भ तेव्हा एकाच भूखंडाचे तुकडे होते, आणि त्या भूखंडाला नाव मिळालं ते गोंडांच्या मुलखावरून, गोंडवन. स्कॉटच्या गाडीवरच्या पानांना १९१४ साली शास्त्रज्ञांनी जे पूर्ण नाव दिलं, ते होतं ‘ग्लॉसॉप्टेरिस इंडिका’.