पानं सतराशे झुडपांची, झाडं दोन

(ओढ्याची घळ, सकाळ)
सिसिली. बेटाच्या आग्नेयेकडचे इब्लेई डोंगर. बुचेरी गावाजवळ बुचाच्या ओकची राई आहे, तिच्यातून ही घळ उतरते. उन्हाळ्यात ओढा आटतो, पण तळाशी थोडी ओल राहते. त्या ओलीला धरून हे झुडूप तग धरून आहे. उंची जेमतेम दोन-तीन मीटर.

(पान, अगदी जवळून)
काठाचे हे बोथट दाते बघा. देठ जवळजवळ नाहीच. हा झेलकोव्हा सिक्युला, आपल्या वावळाच्या कुळातला. १९९१ साली तो इथे सापडला आणि पुढच्या वर्षी दी पास्क्वाले, गार्फी आणि केझेल या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं.

(दगडातला पानाचा ठसा)
एके काळी झेलकोव्हा युरोपभर होता. हिमयुगांच्या तडाख्यात मुख्य भूमीवरून तो नाहीसा झाला. आज त्याच्या सहाच प्रजाती उरल्यात: तीन पूर्व आशियात, एक कॉकेशसच्या बाजूला, एक क्रीटच्या डोंगरांत आणि सहावी ही.

(फळ चिरताना)
फळ धरतं, पण आत रुजेल असं बी नसतं. बहुतेक झाडांच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडचा, एक बापाकडचा. इथे तीन आहेत. बी धरायच्या आधी या संचांची सारखी वाटणी व्हावी लागते, आणि तिनाची ती होत नाही. आपल्या खायच्या केळ्यात बी नसतं, त्यामागेही हेच तीन संच आहेत.

(माती बाजूला सारणारे हात)
मग एवढं बन वाढलं कसं? हे आडवं मूळ बघा. त्यावर हा धुमारा. हातभर पुढे दुसरा. केळीला मुनवे फुटतात तसं. वर वेगवेगळी दिसतात, ती झुडपं अशी मुळावरूनच उठलेली आहेत.

(दुसरी घळ, वरून)
२००९ मध्ये काही किलोमीटरवर दुसरं बन सापडलं. पहिल्यात सव्वादोनशेच्या आसपास झुडपं, इथे पंधराशेच्या आसपास. सगळ्यांना केवढा हुरूप आला असेल! पण पानांतला डीएनए ताडून पाहिला, तेव्हा पहिलं अख्खं बन एकच झाड निघालं. दुसरं अख्खं बन, दुसरं एक झाड. म्हणून ‘सतराशे आहेत की, काळजी कसली’ असं कुणी म्हणालं, तर ते मान्य करू नका. इथे झुडपं मोजून भागत नाही.

एखादा रोग किंवा कोरडा उन्हाळा एकाला सोसला नाही, तर तो त्या बनातल्या कुणालाच सोसणार नाही.

(प्रयोगशाळा, काचेच्या बाटल्या)
युरोपीय संघाच्या लाइफ योजनेतून या झुडपांची रोपं तयार झाली. बाटलीतला हा कोंब म्हणजे त्याच झाडाची नक्कल. तिसरं झाड यातून मिळणार नाही, पण असलेली दोन आणखी कुठे तरी उभी राहतील. सिसिलीतल्याच थंड, ओलसर डोंगरी जंगलांत ती लावून पाहिली आहेत.

(पुन्हा पहिली घळ, कुंपण)
आणि इथे हे कुंपण. गुरं कोवळा धुमारा पहिल्यांदा खातात.

(कॅमेरा कुंपणाच्या आत, जमिनीलगत. निवेदन नाही.)