दोन टेप, तीन निवडणुका

[दाराच्या कुलपाचा क्लोजअप]
पट्टी आडवी लावली, तिथंच चुकलं. कुलपाची जीभ आत दाबून वर चिकटपट्टी मारली की दार लोटलं तरी कुलूप बसत नाही. उभी मारली असती तर बंद दारात दडली असती. आडवीची टोकं बाहेर दिसत राहिली. १७ जून १९७२, वॉशिंग्टनची वॉटरगेट इमारत. रखवालदार फ्रँक विल्स यांनी ती ओढून काढली. परत आले, तर पुन्हा टेप!

[नोंदवही]
ही त्यांच्या हातची नोंद. १ वाजून ४७ मिनिटं, दारांना टेप, पोलिसांना बोलावलं.

सहाव्या मजल्यावर डेमोक्रॅटिक पक्षाच्या मुख्यालयात पाच जण सापडले. जवळ कॅमेरे, ४० कोरे फिल्मरोल, वॉकीटॉकी, सुमारे २,३०० डॉलर. बहुतेक शंभराच्या नोटा, त्याही ओळीनं नंबरच्या. अशा नोटांवरून माग बँकेपर्यंत जातो. चोरांना एवढंही सुचू नये?

[प्रचारसभा, १९७२]
अध्यक्षपदाचं मतदान पाच महिन्यांवर होतं. चोरीचा माग रिपब्लिकन अध्यक्ष निक्सन यांच्या प्रचार समितीकडे जात होता. तरी निक्सन यांनी ५० पैकी ४९ राज्यं घेतली. मतदारांना बोल लावण्याआधी एक आकडा बघा, २० विरुद्ध १५. प्रतिनिधिगृहाच्या बँकिंग समितीनं ऑक्टोबरात या मतांनी या प्रकरणातल्या पैशाच्या चौकशीसाठी समन्स काढायला नकार दिला. खटलाही जानेवारीत उभा राहिला. निवडणुकीआधी उघड साक्ष अशी झालीच नाही.

[सिनेटची सुनावणी]
ती १९७३ च्या उन्हाळ्यात झाली, टीव्हीसमोर. १६ जुलैला निक्सन यांचे माजी सहाय्यक अलेक्झांडर बटरफील्ड यांनी कबूल केलं, की अध्यक्षांच्या कचेरीतलं बोलणं टेप होतं.

[रोझ मेरी वुड्स यांचा फोटो]
अध्यक्षांच्या सेक्रेटरी. एक पाय टेप यंत्राच्या पेडलवर, हात मागे फोनकडे. अशा बसण्यानं टेप चुकून पुसली गेली, असं त्यांचं म्हणणं. पण त्यांनी कबुली दिली पाचेक मिनिटांची, आवाज गायब साडेअठरा मिनिटं. तज्ज्ञांना किमान पाच वेळा पुसल्याच्या खुणा सापडल्या. २४ जुलै १९७४ ला सर्वोच्च न्यायालयानं ८ विरुद्ध ० असा टेप सोपवण्याचा हुकूम दिला. ९ ऑगस्टला निक्सन राजीनामा देऊन गेले.

[हेलिकॉप्टर]

[फोर्ड, सही करताना]
८ सप्टेंबरला नवे अध्यक्ष फोर्ड यांनी निक्सन यांना माफी दिली. गॅलप या संस्थेच्या जनमत चाचणीत फोर्ड यांची पसंती ७१ वरून ५० टक्क्यांवर आली. नोव्हेंबरातल्या संसदेच्या निवडणुकीत डेमोक्रॅट्सनी प्रतिनिधिगृहात ४९ जागा वाढवल्या. महागाईचाही त्यात वाटा होताच.

[मतमोजणी, १९७६]
अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅट कार्टर विरुद्ध फोर्ड. राज्यागणिक ठरलेली निर्वाचक मतं: कार्टर २९७, फोर्ड २४०. ओहायोत फरक ११ हजारांच्या आसपास, हवाईत साडेसात हजारांच्या आत. ही दोन राज्यं फिरली असती तर कार्टर २६८ वर अडकले असते, लागतात २७०. माफी दिली नसती तर एवढी मतं मिळाली असती का? आमच्या मते, हो.

[व्हाइट हाऊस]
प्रचारात फोर्ड यांचा घसा बसला होता. पराभवाचं निवेदन वाचतायत त्यांच्या पत्नी बेटी. फोर्ड शेजारी उभे आहेत.