दाराच्या कडीला अडकवलेला डबा

नमस्कार मंडळी.

कार्यकारिणीने मला विषय दिला, ‘करोनाकाळातल्या आशेच्या गोष्टी’. हो म्हटलं खरं, पण मनात धाकधूक होती. आपल्या आई-वडिलांचे अंत्यविधी टोरोंटोत बसून मोबाइलवर पाहिलेली माणसं आज इथे समोर आहेत. त्यांच्यापुढे उभं राहून ‘शेवटी सगळं छान झालं’ म्हणायची माझी छाती नाही. तेव्हा माझ्या बडोद्यात काय चाललं होतं आणि ते कोणाच्या जिवावर चाललं, एवढंच सांगते.

एप्रिल २०२१. १ मे उजाडला तेव्हा देशात एका दिवसात ४ लाखांवर नवे रुग्ण नोंदले गेले होते. बडोद्यात सयाजी हॉस्पिटल भरलेलं, गोत्रीचं भरलेलं, खासगीत फोनच कोणी उचलत नव्हतं. तेव्हा ऐन रमजानमध्ये जहांगीरपुऱ्याच्या मशिदीत ५० खाटा लागल्या. अटलादऱ्याच्या स्वामीनारायण मंदिराच्या आवारात ५०० खाटांचं रुग्णालय उभं राहिलं. आमच्या पिढीने याच शहरात दंगलींच्या कर्फ्यूत अडकून परीक्षा बुडवल्या आहेत, त्यामुळे या दोन बातम्या मी एकाच दिवशी, एकीखाली एक वाचल्या तेव्हा बराच वेळ फोन खाली ठेवला नाही. आणि २५ एप्रिलला जामनगरजवळच्या हापा स्टेशनातून प्राणवायूचे ३ टँकर घेऊन निघालेली गाडी कळंबोलीला, म्हणजे महाराष्ट्राला गेली. बडोदेकर मराठी माणसाला गुजरात आणि महाराष्ट्र यांत निवड करायला लावू नका, हे मी तेव्हापासून जरा जास्तच ठासून सांगते.

पण हे झालं पेपरात आलेलं. मला सांगायचंय ते डांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याचं.

वाड्यातल्या बायकांचा व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप होता, भिशीचा. त्यावर एरवी कोणाचे हप्ते राहिलेत आणि हळदीकुंकू कोणाकडे, यापलीकडे काही नसायचं. वाड्यातलं पहिलं घर पॉझिटिव्ह निघालं त्या संध्याकाळी त्यावर एक ओळ आली: ‘उद्यापासून त्यांचा सकाळचा डबा माझा, रात्रीचा कोण घेतंय?’ बस. ना बैठक झाली, ना अध्यक्ष निवडला. आठवडाभरात आजूबाजूच्या पोळांमधली, म्हणजे गल्ल्यांमधली, घरंही त्यात आली आणि समोरच्या मासींनी, म्हणजे आमच्या गुजराती शेजारणीने, जैन घरांचा कांदा-लसणाशिवायचा डबा आपल्याकडे घेतला. आईने त्यांना विचारलं, तुमच्या वयाला हे झेपेल का? त्या म्हणाल्या, “चिंता ना करो, अमे छीए ने.” आम्ही आहोत ना!

डबा द्यायची रीत ठरून गेली होती. दाराच्या कडीला पिशवी अडकवायची, बेल वाजवायची आणि जिन्याच्या चार पायऱ्या उतरून थांबायचं. दार उघडून हात बाहेर आला की खालूनच विचारायचं, “ऑक्सिजन किती?” आतून आकडा यायचा. ९६ आला तर पुढचं घर. ९४च्या खाली आला तर तिथूनच डॉक्टरांना फोन. आता सांगा, ही टिफिन सेवा की दवाखान्याची फेरी? घरात एकटं पडून असलेला माणूस ऑक्सिमीटर बोटाला लावायचा कंटाळा करतो, पण मावशी जिन्यात उभ्या आहेत म्हटल्यावर लावतो.

डब्यात मऊ भात, मुगाचं वरण, लिंबाची फोड. निम्म्या लोकांची चव गेलेली, त्यामुळे तक्रार कोणाचीच नव्हती. मग एके दुपारी एका आजारी गृहस्थांचा मेसेज आला, ‘वरण अळणी होतं.’ ग्रुपवर नुसता जल्लोष! जिने वरण केलं होतं तिने तर सगळ्यांना पेढे कबूल केले.

आता आपली बाजू. इथे आपण सगळेच काही ना काही पाठवायला निघालो होतो. दुकानात दिसेल तो ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून प्राणवायू वेगळा काढून देणारं मशीन, घ्यायचा आणि धाडायचा, असा सूर होता. आपल्यातल्या एका इलेक्ट्रिकल इंजिनिअरने वेळीच ब्रेक लावला: इथली मशिनं १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची, तिथे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तिथे चालणारी मशिनं शोधायला लागलो. पैसे, खरं सांगते, एका संध्याकाळीत जमले. पैशांची ददात नव्हतीच. मशीन तिसऱ्या मजल्यावर चढवणार कोण, त्याच्या बाटलीत नळाचं नव्हे तर डिस्टिल्ड पाणी घालायचं आणि फिल्टर धुवायचा हे घरच्यांना समजावणार कोण, आणि मिनिटाला ५ लिटर प्राणवायू देणारं मशीन पुरेसं नाही, माणसाला आत्ताच्या आत्ता हलवा, हे ठामपणे सांगणार कोण? ते कॅनडातून होत नाही. आपल्याला जमण्यासारखं एकच होतं. बडोद्यात रात्री ११ला सगळे दमून आडवे व्हायचे तेव्हा इथे दुपारचा दीड. त्या वेळेत आपली मुलं मदतीचा म्हणून फॉरवर्ड होत आलेला एकेक फोन नंबर लावून बघायची, बंद असलेले खोडायची आणि चालू नंबरापुढे वेळ टाकून यादी पाठवायची. सकाळी तिथल्या माणसांना चुकीचे फोन लावत बसावं लागायचं नाही. मी स्वतः या कामाला मशिनांपेक्षा वरचा नंबर देईन, मग मशीन देणारे रागावले तरी चालेल.

त्यातलं एक मशीन आमच्या वाड्यातल्या काकांकडे गेलं. काका भजनी मंडळात मुख्य आवाज. हॉस्पिटलातून घरी आले ते भिंत धरून, बाथरूमपर्यंत जाऊन आले की पलंगावर बसून राहायचे. त्यांना ते तीन गोळ्यांचं यंत्र दिलं होतं, नळीतून श्वास आत ओढायचा आणि गोळ्या वर उचलायच्या. पहिली गोळी उठायची, दुसरी नुसती थरथरायची, तिसरी तर ढिम्म. काका वैतागले. म्हणाले, हा पोरखेळ मला जमायचा नाही. व्हिडिओवर व्यायाम घेणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी हुशार निघाली. तिने विचारलं, “काका, अभंगाचं ध्रुवपद एका श्वासात म्हणता येतं का?” येत नव्हतं. मध्ये दोनदा तुटायचं. मग तेच त्यांचं मोजमाप झालं. सकाळी गोळ्या, संध्याकाळी ध्रुवपद. काकू भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज पेन्सिलीने लिहायच्या: ‘दोनदा’, ‘दोनदा’, ‘एकदा’, पुन्हा ‘दोनदा’. पावसाळा संपत आला तेव्हा एका चौकोनात नुसती बरोबरची खूण आहे. काका आजही जिना चढताना मधल्या वळणावर थांबतात, पूर्वीसारखे झाले असं मी म्हणणार नाही. पण एकादशीला पेटी पुढे ओढतात आणि कोणी चुकला तर थांबवून पुन्हा म्हणायला लावतात, तो स्वभाव करोनानेही गेला नाही.

मशीन पुढे बडोद्याच्याच वाडी भागात गेलं, मग प्रतापनगरला. त्याच्या पाठीवर पाण्याच्या आणि फिल्टरच्या सूचनांचा कागद चिकटवला होता, मराठीत एक आणि गुजरातीत एक.

आता कामाचं बोलते. चहाच्या टेबलापाशी एक वही ठेवली आहे. ज्यांचे आई-वडील तिकडे एकटे राहतात त्यांनी त्यात त्यांच्या शेजारच्या दोन घरांचे फोन नंबर लिहावेत, नातेवाइकांचे नकोत, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांचे. ज्यांच्याकडे ते नाहीत त्यांनी आज रात्री घरी फोन करून मागून घ्यावेत. तिथे सकाळ झालेली असेल.