ॲमस्टरडॅमचा एक दिवस आणि चित्रांतून गायब झालेल्या गोष्टी

मंडळी, आधीच सांगतो, मी काही चित्रकलेतला माणूस नाही, शाळेत एलिमेंटरीची परीक्षा कशीबशी पास झालो आणि ब्रश खाली ठेवला तो ठेवलाच. त्यामुळे स्लाइड्स बिइड्स काही आणलेल्या नाहीत. ॲमस्टरडॅमला एक दिवस मोकळा मिळाला, तेव्हा काय पाहिलं एवढंच सांगणारे.

सकाळचं तिकीट व्हॅन गॉग म्युझियमचं. वेळ ठरवून ऑनलाइनच काढायचं, दारात जाऊन "एक द्या हो" चालत नाही. ट्रॅममधून उतरून मी नकाशा बघत लालसर रंगाच्या रस्त्यावर उभा, तर मागून घंट्यांचा असा गजर झाला की वाटलं काकडआरतीच चालू झाली! तो सायकलींचा रस्ता होता. तिथे उभं राहणं म्हणजे दादरला गर्दीच्या वेळी जिन्यावर थांबून बुटाची लेस बांधण्यासारखं.

आत गेल्यावर व्हॅन गॉगचं 'बेडरूम' हे चित्र. १८८८ सालचं, फ्रान्समधल्या आर्ल गावातली त्याची स्वतःची खोली, पलंग, दोन खुर्च्या आणि मस्त फिकट निळ्या भिंती. मी त्या निळ्यावर खूश होऊन बराच वेळ उभा होतो, आणि मग कळलं की हा निळा त्याचा नाहीच. भावाला, थिओला, लिहिलेल्या पत्रात त्याने भिंती फिकट जांभळ्या सांगितल्यात. जांभळ्यातला तांबडा उजेडाने उडाला आणि मागे राहिला निळा. आपल्याकडे उन्हात लावलेल्या पोस्टरवरचा लाल आधी जातो ना, तसंच.

झालं, मग दिवसभर मला तोच नाद लागला, की समोर दिसतंय त्यातलं काय काय गेलंय.

दुपारी राइक्सम्युझियम, म्हणजे तिथलं राष्ट्रीय संग्रहालय. १८८५ची इमारत आणि तिच्या पोटातून चक्क सायकलींचा रस्ता आरपार जातो, म्हणजे इथेही घंट्या होत्याच. 'नाइट वॉच'पुढे ही गर्दी! रेम्ब्रांट या डच चित्रकाराने १६४२ मध्ये काढलेलं, शहराच्या रक्षक तुकडीचं आणि तिच्या कॅप्टनचं चित्र, साडेचार मीटर रुंद. नाव नाइट वॉच, पण रात्र नाहीये ती, वरचं व्हार्निश काळं पडत गेलं म्हणून लोकांना रात्र वाटली. आणि आज दिसतं ते अख्खं चित्रही नाही. १७१५ मध्ये नगरभवनात हलवलं, तिथल्या भिंतीवर मावेना, म्हणून चारही बाजूंनी कापलं, रेम्ब्रांटचं चित्र, पडद्याचं कापड कापावं तसं! डावीकडची तर माणसंच गेली. कॅप्टन मुळात मध्याच्या थोडा उजवीकडे होता, त्यामुळे सगळी तुकडी पुढे निघाल्यासारखी वाटायची. आता तो बरोब्बर मधोमध आला आणि लग्नातल्या ग्रुप फोटोची कळा आली. हे कळलं कसं, तर लुंडेन्स नावाच्या चित्रकाराने कापण्याआधीच छोटी नक्कल करून ठेवली होती.

तिथून चार पावलांवर व्हर्मीर या दुसऱ्या डच चित्रकाराची 'दूधवाली'. केवढुसं चित्र, जेमतेम हातभर उंच. बाई वाडग्यात दूध ओततेय, टेबलावर पावाचे तुकडे. काही अभ्यासक म्हणतात, शिळ्या पावाचं काहीतरी करतेय, म्हणजे आपला पोळीचा कुस्कराच की हो! पण मी बघत बसलो मागची भिंत. नुसती पांढरी, त्यावर एक खिळा, खिळ्याची सावली आणि उपटलेल्या खिळ्यांची भोकं. तर २०२२ मध्ये तपासणीत सापडलं की तिच्या डोक्यामागे आधी मडकी टांगायची फळी होती. व्हर्मीरनेच ती पुसली, आणि खिळा मात्र ठेवला! रेम्ब्रांटचं दुसऱ्यांनी कापलं, याने स्वतःच्या हाताने काढून टाकलं. आमच्या हिला सांगायला हवं, किचनमधली फळी काढली की भिंत कशी दिसते ते.

शेवटी आशियाई विभागात गेलो. पुढ्यात नटराज! चोळ काळातला, बाराव्या शतकातला, दीड मीटर उंच. हात आपोआप जोडले गेले, चपला काढायच्याच बाकी होत्या. ब्राँझ आतून भरीव आहे, एक्स-रे काढून बघितलंय त्यांनी. ही उत्सवमूर्ती हो, खांद्यावर मिरवायची, खांदेकऱ्यांचं काय होत असेल तोच जाणे. पण मिरवणुकीत मूर्तीवर रेशमी वस्त्रं आणि हारांचे ढीग, भक्ताला दिसून दिसून चेहरा दिसणार. इथे हार नाही, वस्त्र नाही, गुडघ्याचं वळणसुद्धा दिसतंय, पायाखालचा तो बुटका असुरही दिसतोय. बरं वाटावं की वाईट, मला अजून कळलेलं नाही. वाकून बघत होतो तेवढ्यात गार्डने घड्याळाकडे बोट दाखवलं. पाचला बंद करतात तिथे.