लॉट नंबरचा रकाना

(दृश्य: पावसाळा सरत आलेला. तालुक्याच्या बसस्टँडसमोरची लॅब. बाकावर बसलेली माणसं.)

भाद्रपद लागला की खानदेशात तापाचे पेशंट वाढतात. चोपडा, यावल, शिरपूर, शहादा, कुठल्याही तालुक्याच्या स्टँडसमोर उभे राहा, दोन-तीन लॅबच्या पाट्या दिसतातच. आत बाकावर अंगात कणकण घेऊन बसलेली माणसं आणि काउंटरवर एकच प्रश्न, "रिपोर्ट काय उना भाऊ?"

बऱ्याचदा डेंग्यू-मलेरियाचा हा रिपोर्ट येतो तो एवढ्याशा कार्डावरून.

(दृश्य: अगदी जवळून. पाकीट फाडणारा हात, कार्ड, ड्रॉपर.)

चंदेरी पाकीट फाडलं की प्लॅस्टिकचं लांबट कार्ड निघतं, सोबत ड्रॉपर आणि ओल शोषणारी छोटी पुडी. कार्डाच्या गोल भोकात रक्ताचा किंवा सीरमचा (रक्तातल्या वरच्या पातळ भागाचा) थेंब टाकायचा, वरून बफर नावाच्या द्रावणाचे दोन-तीन थेंब. आत नायट्रोसेल्युलोजची पट्टी आहे. थेंब तिच्यावरून सरकतो, वाटेत सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटवलेली प्रथिनं सोबत घेतो आणि ती पुढं जिथं अडकतात तिथं गुलाबी रेघ उमटते. 'सी'समोर रेघ आली म्हणजे कंट्रोल, 'टी'समोरही आली म्हणजे पॉझिटिव्ह. पंधरा-वीस मिनिटांत काम झालं.

'सी'ची रेघ दिसली की कार्ड चांगलं आहे असं सगळेच धरून चालतात. ती रेघ सांगते ते फार थोडं: थेंब पट्टीवरून नीट पुढं गेला. 'टी'च्या जागेवरचं प्रथिन शाबूत आहे का, ते डेंग्यूच पकडतं की दुसऱ्याच कशाला चिकटतं, हे 'सी'ची रेघ पाहून कळत नाही. अगदी टाकाऊ कार्डावरही ती ठसठशीत उमटू शकते. लॅबवाल्याची नजर कितीही तयार असली तरी हा दोष डोळ्यांना दिसणारा नाही. तो कळतो फक्त आजार असलेल्या आणि नसलेल्या माणसांच्या भरपूर नमुन्यांवर कार्ड आधीच वापरून पाहिलं असेल तर. अशा कार्डांच्या डब्याला, म्हणजे किटला, मंजुरी लागते ती यासाठी.

(दृश्य: डब्याची बाजू. बारीक छापलेली अक्षरं, त्यावर बोट.)

आपल्याकडं हे काम केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेचं. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यांत धोक्यानुसार ए, बी, सी, डी असे चार वर्ग आहेत. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी यांची किट सगळ्यांत वरच्या डी वर्गात. सी आणि डी वर्गाची किट देशात बनवायची तर एमडी-९ परवाना लागतो, बाहेरून आणायची तर एमडी-१५. परवान्याचा नंबर, लॉट नंबर (एका वेळी बनलेल्या मालाचा क्रमांक), एक्सपायरी आणि किती तापमानात ठेवायचं, हे सगळं लेबलवर लागतं. बऱ्याच कार्डांवर २ ते ३० अंश असं छापलेलं असतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास फिरत असताना ते पार्सल कुठल्या गोदामात पडून होतं, हे विचारायची आपल्याकडं पद्धत नाही.

याच नियमांत माल परत मागवण्याचीही तरतूद आहे. आपल्या किटमुळं पेशंटला धोका आहे असं कंपनीला किंवा तिच्या अधिकृत एजंटला वाटलं, तर त्यांनी ताबडतोब माल मागं घ्यायचा आणि परवाना देणाऱ्याला कळवायचं.

आता यातली मेख बघा. परत मागवण्याची जबाबदारी परवाना घेणाऱ्यावर आहे. ज्यानं परवानाच काढला नाही, त्याचं किट परत मागवणार कोण? डब्यावर आयातदाराचा पत्ता नाही, माल बिनबिलाचा. असा माल परत येत नाही. सापडलाच तर जप्त होतो. आणि जप्त होतं ते कपाटात उरलेलं. वापरून झालेल्या कार्डांचे रिपोर्ट तोवर घरोघरी पोचलेले असतात.

(दृश्य: जुन्या फायली. क्षयरोग केंद्राबाहेरचा भिंतीवरचा मजकूर.)

किट थांबलं पण रिपोर्ट घरोघरी राहिले, असं आपल्याकडं एकदा फार मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. क्षयरोग ओळखण्यासाठी रक्तातली अँटिबॉडी (आजाराशी लढायला शरीर बनवतं ते प्रथिन) शोधणारी किट वर्षानुवर्षं खासगी लॅबमध्ये चालायची. देशात वर्षाला अशा सुमारे १५ लाख तपासण्या होत, असा अंदाज होता. जुलै २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट सांगितलं की या तपासण्या वापरूच नका. त्या निरोग्याला आजारी ठरवतात आणि आजाऱ्याला निरोगी. संघटनेनं आणखी एक गोष्ट दाखवून दिली. यातली बरीच किट युरोप-अमेरिकेत बनत होती, पण कुठल्याही मान्यताप्राप्त नियामकानं त्यांना मंजुरी दिलेली नव्हती. म्हणजे माल तिकडं बनायचा आणि खपायचा गरिबांच्या देशांत. जून २०१२ मध्ये केंद्र सरकारनं या किटच्या आयातीवर, उत्पादनावर, विक्रीवर आणि वापरावर बंदी घातली.

बंदी योग्यच होती, उशिरा का होईना. पण ती किटवर होती. तोवर ज्यांच्या हातात 'पॉझिटिव्ह'चा कागद पडला आणि ज्यांनी नसलेल्या क्षयासाठी सहा महिने गोळ्या खाल्ल्या, त्यांना शोधणं त्या बंदीत कुठं बसत नव्हतं. ज्यांना 'निगेटिव्ह' सांगितलं आणि जे घरभर खोकत राहिले, त्यांचं तर विचारूच नका.

(दृश्य: रिकामा रस्ता, २०२० मधली जुनी छायाचित्रं.)

पुढचा प्रसंग एप्रिल २०२० चा. कोरोनासाठी चीनमधल्या वोंडफो आणि लिव्झॉन या दोन कंपन्यांची अँटिबॉडी किट आली आणि राज्यांना वाटली गेली. त्यांना मंजुरी होती, हे विसरून चालणार नाही. राजस्थाननं आधीच पॉझिटिव्ह ठरलेल्या पेशंटवर ती वापरून पाहिली तेव्हा बरोबर निकाल निघाले ५.४ टक्के. २१ एप्रिलला आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, दोन दिवस थांबायला सांगितलं आणि २७ तारखेला ही किट पुरवठादारांकडं परत पाठवा असं कळवलं. मधल्या काळात किमतीचं प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं होतं. २४५ रुपयांना आयात झालेलं किट ६०० ला दिलं जात होतं, न्यायालयानं ४०० ची मर्यादा घातली.

तेव्हा आठवड्याभरात चक्र उलटं फिरू शकलं, कारण खरेदी सरकारची होती, पुरवठादार ठरलेले होते आणि कुठल्या राज्याला किती डबे गेले याची यादी हाताशी होती. तालुक्याच्या लॅबला जो माल मुंबईहून डीलर, डीलरकडून सब-डीलर असा येतो, त्याची अशी एकसंध यादी कुणाकडं असणार?

मंजुरी नसलेलं किट घुसण्याचा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही, हेही सांगायला हवं. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न व औषध नियामकानं, फ्लोफ्लेक्स नावाच्या कोरोना किटबद्दल इशारा दिला. एकाच कंपनीचं, जवळजवळ एकाच नावाचं किट. पांढऱ्या डब्यातलं अमेरिकेत मंजूर, गडद निळ्या डब्यातलं नामंजूर. निळे डबे परत मागवले गेले. पण डबे मागवून ते थांबले नाहीत. या किटनं तपासणी होऊन दोन आठवडे झाले नसतील, तर तो पेशंट पुन्हा तपासण्याचा विचार करा, असंही डॉक्टरांना सांगण्यात आलं.

असं सांगता यायचं तर पेशंटची तपासणी कुठल्या डब्यातून झाली हे कुठंतरी लिहिलेलं असावं लागतं.

(दृश्य: लॅबचं रजिस्टर. कॅमेरा एकेका रकान्यावरून सरकतो.)

हे रजिस्टर बघा. तारीख, नाव, गाव, वय, डॉक्टरांचं नाव, तपासणी, निकाल, पैसे. पैशांचा रकाना कधी रिकामा राहत नाही. किटचं नाव कुठल्याच रकान्यात नाही. लॉट नंबरही नाही. डबा संपला की तो कचऱ्यात जातो आणि लॉट नंबरही त्याच्यासोबत जातो. उद्या कंपनीनं पत्र पाठवलं की अमुक लॉट खराब निघाला, तर लॅबवाला फार तर कपाट उघडून बघेल. गेल्या महिन्यात त्या लॉटवर कुणाकुणाला डेंग्यू ठरवला, हे त्याला ठरवूनही सांगता येणार नाही.

याच गावातल्या रक्तपेढीत मात्र किटचं वेगळं रजिस्टर असतं. किटचं नाव, बॅच नंबर, एक्सपायरी, वापरल्याची तारीख, हे सगळं लिहिणं रक्तपेढीला औषध नियमांनीच बंधनकारक केलेलं आहे. म्हणजे पद्धत नवी नाही आणि अवघडही नाही. फूटपट्टीनं आणखी दोन रेघा मारल्या की झालं. तापाच्या लॅबला ती लागू करायला कुणी अडवलंय, मला तरी कळत नाही.

(दृश्य: सातपुड्यातली वाट. आशा कार्यकर्ती, खांद्याला पिशवी.)

कार्डांवर सरसकट फुली मारू नका. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर आशाताईच्या पिशवीतलं मलेरियाचं कार्ड नसेल, तर तापाचं निदान व्हायला माणसाला डोंगर उतरावा लागेल. डेंग्यूचं तेवढं वेगळं आहे. सरकारी कार्यक्रमात त्याच्या निदानासाठी एलायझा ही प्रयोगशाळेत होणारी रक्ततपासणी धरतात आणि त्यातलं आयजीएम ही अँटिबॉडी शोधणारं किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था पुरवते. म्हणून कार्डावर डेंग्यू पॉझिटिव्ह आला की सरकारी दवाखान्यात एलायझासाठी रक्त द्यायला सांगतात. ती कटकट समजून टाळू नका.

(दृश्य: लॅबचं काउंटर.)

लॅबमध्ये किटचा डबा दाखवा म्हटलं तर चांगला लॅबवाला चिडत नाही. डब्यावर परवान्याचा नंबर आहे का बघा. माल बाहेरचा असेल तर इथल्या आयातदाराचं नाव-पत्ता आहे का बघा. 'फक्त संशोधनासाठी' असं छापलेलं किट पेशंटवर वापरायचं नसतं. रिपोर्टवर किटचं नाव आणि लॉट नंबर लिहून मागा. नाहीच लिहिला तर डब्याच्या त्या बाजूचा फोटो काढून ठेवा. परवान्याचा नंबर कुठंच सापडला नाही, तर जळगाव किंवा धुळ्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रार देता येते. तक्रारीला तो फोटो जोडा आणि लॅबचं बिल जोडा. बिल मात्र तपासणीच्या दिवशीच मागून घ्या.